हाकलायचा शब्द

वालाच्या शेंगा पुन्हा आल्या. भात कापून झालं की खाडीकडच्या शेतांत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात, आणि पौषात तो असा भरतो की बांधावरून चालताना वेल पोटऱ्यांना धरतात. मग गावभर पोपटीचा वास सुटतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, मडकं उपडं करून भोवती पेंढ्याचा जाळ. या वासाने माणसं खुशीत येतात. मी गोंधळते. चार वर्षं झाली, तरी दर पौषात गोंधळते. चिडले की मला भराभर लिहिता येतं, गोंधळले की एक ओळ सुचत नाही. म्हणून त्या एका मोसमाबद्दल आजवर काही लिहिलं नाही. आजही नीट लिहीन असं नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. सकाळी पनवेलच्या शाळेत शिकवायची आणि दुपारनंतर पत्रकं लिहायची. मराठीचं राज्य मिळावं म्हणून सभा व्हायच्या, त्यांची पत्रकं लिहिली. विहिरीवर कोणी पाणी भरायचं नि कोणी नाही यावर लिहिलं. मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायांच्या पायांवर लिहिलं. पत्रकाचा एक मोठा गुण आहे. त्यात प्रत्येक वाईट गोष्टीला कोणीतरी जबाबदार असतो, आणि तो कधीच आपण नसतो.

त्या वर्षी आमच्या आळीत पोस्टमनला कुत्रं चावलं. दुसऱ्या दिवशी आळीची कमिटी बसली. कमिटी म्हणजे कापडाचं दुकान असलेले अण्णा, आणि अण्णा बोलतील त्याला मान हलवणारे चौघे. ठराव झाला, की आळीतली बेवारशी कुत्री पोत्यात घालायची, पळस्प्याच्या नाक्यावरून जाणाऱ्या एखाद्या ट्रकवर टाकायची आणि कर्नाळ्याच्या रानात सोडायची. पुढच्या रविवारपासून. ज्याने त्याने आपापलं कुत्रं ओळखावं.

मी त्याच संध्याकाळी पत्रक काढलं. 'मुक्या जीवांच्या हद्दपारीचा जाहीर निषेध!' शेवटची ओळ मोठ्या टायपात होती: 'ही कुत्री आमची आहेत!' ती ओळ मला फार आवडली होती. अण्णांनी पत्रक दुकानातल्या दिव्याखाली धरून पूर्ण वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "सुनंदा, पत्रकाला शेपूट नसतं गं. कुत्र्याला असतं. दाराशी एखादं बांधून बघ एकदा."

मी म्हटलं, "बांधायचं कशाला? तोच तर मुद्दा आहे."

पत्रकं लोक वाचतात आणि विसरतात, हे तोवर मला कळलं होतं. त्यातली एखादी ओळ कोणी खरी मानेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. दोन दिवसांनी सकाळी एक म्हातारा आमच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत काष्टा, हातात काठी, डोळे लालभडक आणि पाण्याने भरलेले. मागे सुंभाच्या दोरीला एक तांबूस कुत्रा. पिल्लू नव्हे, चांगला सहा-सात वर्षांचा. एका कानाला जुनी चीर, आणि पायांवरची लव खाऱ्या पाण्याने पांढरट झालेली.

"कुत्र्यांची बाय हितंच काय?" त्याने आईला विचारलं.

आई म्हणाली, "इथेच. आत बसलीय, लिहितेय."

त्याचं नाव जोमा. खाडीच्या तोंडाशी असलेल्या मिठागराचा तो राखणदार. चाळीस वर्षं मिठाच्या चकाकीत उघड्या डोळ्यांनी काढली होती. "आता डोलं गेलं, बाय. मीठ कुठला नि पानी कुठला, दिसत नाय. पोरगी आपट्याला हाय, ती बोलावते. पन तिच्या सासूच्या कोंबड्या हायेत, ती कुत्रा घेत नाय." मग त्याने कमरेच्या कनवटीतून माझं पत्रक काढलं. मिठाचं पाणी लागून ते खरखरीत झालं होतं. "हे आमच्यातल्या एकाकडून वाचून घेतला. तुमी लिवलाय, कुत्री आमची हायेत. मंग ह्याला ठेवा."

मी त्याला पाच मिनिटं भाषण दिलं. मुक्या जीवांची जबाबदारी, माणसाचा स्वार्थ, सगळं. एवढं बोलून मी कुत्र्याचं नाव विचारायची विसरले. हा काय प्रकार आहे ते आजही मला समजत नाही. माणसाचं नाव मी आधी विचारलं असतं.

जोमाने दोरी ओट्याच्या खांबाला बांधली आणि तो निघाला. गाठ सैल होती. आळीच्या टोकाला तो पोचला तेव्हा कुत्रा सुटून त्याच्या मागे धावला होता आणि मध्येच थबकला होता. जोमा वळला, काठीचा हात वर केला आणि ओरडला, "हाड!"

कुत्रा जीव खाऊन त्याच्याकडे धावला. म्हाताऱ्याने खाली बसून त्याचं डोकं छातीशी धरलं, मग त्याला आणून पुन्हा बांधलं. या वेळी गाठ पक्की मारली. माझ्याकडे न बघता गेला.

मी दारात उभी राहून चिडत होते. हा माणूस त्याला काठी उगारून हाकलतो आणि हा तरी त्याच्याकडे धावतो! गुलामगिरी किती खोल मुरते पाहा, असं मी वहीत लिहिलं. अजून ते पान आहे. अक्षर फार सुंदर आलंय.

मी त्याचं नाव निर्भय ठेवलं. आई म्हणाली, "निर्भय? तो बघ, पाटावरवंट्यामागे थरथरतोय."

छप्पर म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. जन्म बांधावर गेलेला. आत आणला की वर बघायचा, आता हे पडणार असं. वरणभात पुढे ठेवला तर वास घेऊन माझ्याकडे बघायचा, माझी काही चूक झाली असेल असं. मी पाच वेळा "निर्भय, निर्भय" म्हणायची. कान हलायचे नाहीत. सगळ्यात विचित्र होतं ते त्याचं उठणं. दिवसभर निपचित पडून असायचा आणि एकदम उठून ओट्याच्या कडेला जाऊन पश्चिमेकडे तोंड करून भुंकायचा. चांगला दहा मिनिटं. सोमवारी उन्हं उतरायच्या वेळेला. मंगळवारी त्यानंतर थोड्या वेळाने. बुधवारी दिवेलागणीला. शेजारचे म्हणाले, पिसाळायची लक्षणं असतील. आई म्हणाली, "पिसाळलाय कुठला, याला वेळेचं कळत नाही एवढंच." मी म्हटलं, त्याला त्या म्हाताऱ्याची आठवण येत असेल. आम्ही तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही चुकीच्या निघाल्या.

तीन दिवस त्याने काही खाल्लं नाही. मी त्याच्याशेजारी ओट्यावर बसून वह्या तपासायची. एकदा त्याच्या पाठीवर हात ठेवला तर तो इतका ताठ झाला की मलाच हात काढून घ्यावासा वाटला. माणसांना संघटित करता येतं, सभेला आणता येतं. या एका जिवाला जेवायला बसवता येईना. शाळेत मुलींना शिकवताना मध्येच माझं लक्ष उडायचं. रविवार जवळ येत होता, आणि अण्णांनी निरोप पाठवला होता, "ज्याचं कुत्रं त्याने नावाने हाक मारून दाखवावं. आलं तर त्याचं. नाही आलं तर पोत्याचं." हा नियम मला मनातून न्याय्य वाटला, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

चौथ्या दिवशी सकाळी आईने अंगणात वालाच्या शेंगा सोलून वाळत घातल्या होत्या. पलीकडच्या घरातली पांढरी कुत्री त्यावरून चालली. आईने हात उगारला, "हाड! हाड गं!" पांढरी कुत्री पळाली. आणि आमचा निर्भय, तीन दिवस उपाशी, कोपऱ्यातून उठला, अंगण ओलांडून आला आणि आईच्या पायाशी बसला. शेपूट जमिनीवर आपटत होतं. आईने काही न बोलता आतून बांगड्याचं डोकं आणलं. त्याने ते खाल्लं. मग तिच्याकडे बघत राहिला, पुढे काय म्हणून.

आईने माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा म्हणू का?"

"म्हण."

"हाड."

तो उठून तिच्या मांडीला टेकला.

मला रडू आलं आणि मग संताप. या जिवाला जन्मभर इतक्या वेळा हाकललंय की हाकलायच्या शब्दालाच तो आपलं नाव समजतो! यावर पत्रक नाही काढायचं तर कशावर? मथळाही सुचला. पण आधी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगायचं, असं ठरवून मी शाळेला दांडी मारली आणि एसटीने आपट्याला गेले.

आपट्याला पाताळगंगेच्या काठी जोमाच्या मुलीचं घर सापडलं. तो अंगणात कोंबड्यांत बसला होता, डोळ्यांवर ओलं फडकं. माझा आवाज ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला. "भरतीला उठतो काय अजून?"

मला कळलं नाही.

"भरती गं, बाय. उघाडी सांभालायची असते ना. खाडीचं पानी आत घ्यायची दारं. भरती रोज दोन घटका उशिरा येते. माझा डोला गेल्यापासून तोच भुंकून उठवायचा. तुमच्याकडं कुनी उठत नसंल तर त्याला वाटंल, ही मानसं झोपली, दारं उघडी रायली."

आळीत ज्याला पिसाळणं म्हणत होते ते त्याचं काम होतं. पण भाषण ठरलेलं होतं, म्हणून ते दिलं. त्याला हाड हाड करून तुम्ही त्याचं काय केलंत बघा, तो आता त्यालाच नाव समजतो.

जोमा हसला. मुलीला हाक मारून म्हणाला, "आयकलंस काय? समजतो म्हनं!" मग माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "नावच हाय त्याचं. मीच ठेवला."

"हाड? हे नाव?"

"त्याच्या आयेची चार पिल्लं गेली. एकाचं नाव मोती ठेवलं, गेला. एकाचं वाघ्या, तोबी गेला. चांगलं नाव ठेवलं की यमाला आयकू जातं. ह्याचे डोलं उघडले तवा मी म्हनलं, आता तुला हाडच म्हनायचं. यम आला तर त्याला वाटंल, ह्याला तर सगली हाकलतात, कुनाला नको झालेला, मी कशाला नेऊ?" त्याने फडकं पिळलं. "तुमच्यात नाय ठेवत? दगडू, धोंडू, केरू?"

ठेवतात. माझ्या लहानपणच्या वर्गातही दोन दगडू होते. पण मला दुसरंच आठवलं होतं. मी चौथी मुलगी. पत्रकावर आणि शाळेच्या हजेरीत सुनंदा आहे, पण घरी माझं नाव नकू. नको झाली म्हणून नकू. मुलगा दगडू होतो तो जगावा म्हणून. मुलगी नकू होते ती देवाला कळावं म्हणून, की आता पुरे. दिसायला दोन्ही नावं एकाच घरातली, आणि एकात ठेवून घेणं आहे, दुसऱ्यात हाकलणं. कळायला लागल्यापासून मला त्या नावाची चीड होती. आणि तरी दर दुपारी आई ओट्यावरून "नकू, जेवायला ये गं" म्हणते तेव्हा मी जाते. ते ऐकून मला घरी आल्यासारखंच वाटतं. मग ते नाव कुठल्या प्रकारचं झालं? जोमाला विचारणार होते. विचारलं नाही.

"मी त्याचं नाव बदललं तर चालेल?" एवढं विचारलं.

"बदला. तो कुठं कागुद वाचतो?" मग थोडा थांबून म्हणाला, "यमाला तेवढं तुमी सांगा."

परतीच्या एसटीत मी पत्रकाचा मथळा खोडला. त्याच्या जागी काही सुचलं नाही.

आता अडचण उलटी झाली होती. हाड हे प्रेमाचं नाव असेल, पण ते जोमाला आणि आम्हा दोघींनाच माहीत होतं. बाकी सगळं गाव दिवसभर कोणत्या ना कोणत्या कुत्र्याला हाड म्हणत होतं, आणि म्हणता म्हणता वाकून दगड उचलत होतं. शनिवारी दोरी तुटली आणि तो बाजारात गेला. मी शोधत पोचले तेव्हा मासळीवालीने कोणा दुसऱ्या कुत्र्याला "हाड रं" म्हटलं होतं आणि आमचा शेपूट हलवत तिच्या टोपलीपाशी जाऊन बसला होता. तिने पुन्हा जोरात म्हटलं. तो आणखी जवळ सरकला. मग तिने तराजूतलं वजन फेकून मारलं. भुवईवर जखम झाली, आणि तो रक्त गाळत तिच्याकडेच बघत होता. ज्याने बोलावलं त्याने मारलं, याचा मेळ त्याला बसवता येईना. मी त्या बाईशी भांडले. ती म्हणाली, "मी त्याला हाड म्हनली ना? मंग आला कशाला?"

घरी हळद दाबताना आई म्हणाली, "नाव बदल बाई याचं. नाहीतर एक दिवस याला मारतील."

"यमाला फसवायला ठेवलंय ते."

"यमाचं मला माहीत नाही. मासळीवाली फसली नाही."

मी रात्री जेवणाआधी तासभर बसून त्याला निर्भय शिकवलं. बांगड्याचा तुकडा पुढे धरायचा आणि म्हणायचं. तो तुकडा खायचा आणि कान पाडून बसायचा. मला माझीच लाज वाटायला लागली. पहिल्या दिवशी शाळेत बाईंनी मला "तुझं नाव आजपासून सुनंदा" म्हटलं होतं, तेव्हा मीही अशीच बसले होते.

रविवारी विहिरीपाशी सगळी आळी जमली. पोती तयार होती. मी त्याला मोकळा सोडून वीस पावलं लांब गेले. अण्णा म्हणाले, "मार हाक."

"निर्भय!"

त्याने भिंत हुंगली.

"निर्भय! ये!"

कोणीतरी म्हणालं, "पत्रक वाचून दाखवा त्याला." हशा झाला. अण्णांनी पोत्याकडे हात केला, आणि मी जे कोणत्याही सभेत म्हटलं नसतं ते सगळ्या आळीसमोर ओरडले, "हाड!"

तो सुटला तो थेट माझ्या अंगावर. मी मागे पडले. तो माझ्या छातीवर उभा, तोंड चाटतोय.

अण्णा म्हणाले, "ही हाकलतेय आणि तो येतोय!"

"हाकलत नाही, अण्णा. बोलावतेय. त्याचं नाव आहे ते."

अण्णांनी बराच विचार केला. "मग हाकलताना काय म्हणतेस?"

पण नियम त्यांचाच होता. त्यांनी पोतं बाजूला केलं. मी हे लपवणार नाही, की त्याच दुपारी दुसरी दोन कुत्री पोत्यात गेली. मोठ्या टायपात 'आमची' लिहिलेली दोन कुत्री. त्यांना कोणी कधी काही नाव दिलं नव्हतं. ट्रक पळस्प्याकडे वळला तेव्हा मी आमच्या कुत्र्याला घट्ट धरून ओट्यावर बसले होते, आणि मला हायसं वाटत होतं. त्या हायसं वाटण्यावर अजून कोणी पत्रक काढलेलं नाही.

त्यानंतर आळीतल्या पोरींनी खेळच धरला. शाळेला जाता येता "हाड, हाड" करायच्या आणि तो प्रत्येकीकडे जायचा. महिन्याभरात आमच्या आळीत तो शब्द बोलावण्याचाच झाला. अण्णांच्या दुकानात दुसरं कुत्रं शिरलं की अण्णा हात उगारायचे, तोंड उघडायचे आणि अडकायचे. एकदा मी त्यांना एका भटक्या कुत्र्याला "निघा आता, निघा" म्हणताना ऐकलं. गिऱ्हाईक उठून गेलं.

इतक्या वर्षांत माझ्या पत्रकांनी कोणाच्या तोंडचा एक शब्द बदलला नव्हता. आणि हा बदल कोणत्या बाजूचा मानायचा तेही कळत नाही. आळी संपली की शब्द परत जुना होतो, दगडासकट. तिथे त्याचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच.

फाल्गुनात मिठागरं पांढरी झाली तेव्हा त्याची भुंकण्याची वेळ साधून मी त्याला खाडीवर घेऊन गेले. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, की तो तिथेच राहतो का. राहिला तर राहू दे, असं म्हणत होते आणि तसं नको म्हणून वाटेत दोनदा थांबले होते. बांध दिसताच तो दोरी ओढायला लागला. मी दोरी सोडली. तो अर्ध्या बांधापर्यंत पळत गेला, उघाडीपाशी थांबला, फळ्यांचा वास घेतला. पाणी चढत होतं.

पलीकडून नवा राखणदार आला, माझ्याच वयाचा. मिठात कुत्रं शिरलेलं पाहून त्याने काठी उचलली आणि ओरडला, "हाड!"

जोमाच्या त्याच बांधावर, तसाच काठीचा हात, तीच हाक. कुत्रा दोन पावलं त्याच्याकडे गेला. मग थांबला. भुवईवरचा व्रण उन्हात चकाकत होता. त्याने त्या माणसाकडे बघितलं, आणि नंतर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मान पूर्ण वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. बघत राहिला. कुठलं हाड आहे हे, ते मी सांगावं म्हणून.

मला निर्भय म्हणता आलं असतं. गुडघे टेकून मी हात पुढे केले आणि म्हटलं, "हाड."

तो बांधावरून मागे फिरून धावत आला आणि त्याने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं.

पलीकडे राखणदाराने काठी खाली घेतली. त्याचंही काम झालं होतं. तो खुशीत ओरडला, "गेला बघा, बाय, गेला!"

"हो," मी म्हटलं, "आला."